अदृश्य रुळावरचे विमान

कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ साली. मिरजेहून निघालेली ही गाडी कृष्णा ओलांडते, हातकणंगले व रुकडी मागे टाकते आणि पंचगंगेवरील पुलावरून शहरात शिरते. त्या काळी हा मार्ग मीटरमापी होता. म्हणजे दोन रुळांमधील अंतर बरोबर एक मीटर असे. आज तेथे १६७६ मिलिमीटर रुंदीचा मार्ग आहे. विमान मात्र आगगाडीच्या मागाहून जवळजवळ पन्नास वर्षांनी आले. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, उजळाईवाडीजवळ विमानतळ उभा राहिला. जमिनीवर आगगाडी आणि आकाशात विमान अशी ही दोन वाहने कोल्हापूरच्या मुलांना आता नवलाची राहिलेली नाहीत. तरीही पुलावरून गाडी धडधडत असता दूरवर एखादे विमान उतरताना दिसले, की डब्यातील सगळी मुले खिडकीकडे धाव घेतात.

शिवाजी उद्यमनगरात राहणाऱ्या एका मुलाला हेच दृश्य संगणकाच्या पडद्यावर उभे करावयाचे होते. तो सातवीत होता. त्याची थोरली बहीण तंत्रनिकेतनात शिकत होती, आणि त्याचे आजोबा आयुष्यभर ओतकामाच्या कारखान्यांसाठी लाकडी पॅटर्न घडवीत आले होते. लोखंडाचा एखादा भाग ओतावयाचा असला, की प्रथम त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला रस ओततात. त्या लाकडी नमुन्यास पॅटर्न म्हणतात. कोल्हापूरच्या ओतकामाचे नाव दूरवर झाले आहे. त्याच्या मुळाशी अशा कारागिरांची पटाशी आणि रंधा आहे. आजोबांचे हात आता थरथरत, परंतु त्यांची नजर पूर्वीइतकीच तीक्ष्ण होती.

आगगाडी चालविण्याचा आभास निर्माण करणारे खेळ संगणकावर पुष्कळ आहेत. त्यांतील एक प्रसिद्ध खेळ मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००१ साली प्रसिद्ध केला. त्यात एकंदर सहा रेल्वेमार्ग होते: अमेरिकेतील दोन, जपानमधील दोन, इंग्लंडमधील एक आणि ऑस्ट्रियातील एक. हिंदुस्थानातील मार्ग त्यात एकही नव्हता. परंतु खेळ घडविणाऱ्यांनी एक गोष्ट मोठी चांगली केली होती. गाडीचे इंजिन, डबे, रूळ, स्थानके, झाडे ही सर्व निरनिराळ्या फायलींत ठेवलेली असत आणि खेळणारास आपली स्वतःची फाईल त्यांत घालता येत असे. मग काय विचारता! देशोदेशींच्या हौशी लोकांनी आपापल्या गावची इंजिने, आपापले घाट आणि पूल घडविले व एकमेकांस विनामूल्य दिले. त्यांत आपल्याकडील तरुणही मागे राहिले नाहीत. पुढे ‘ओपन रेल्स’ नावाचा दुसरा खेळ निघाला. तो कोणासही फुकट मिळतो, त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे, आणि जुन्या खेळासाठी केलेली इंजिने व मार्ग त्यातही चालतात. मुलाच्या ताईने याच खेळासाठी मिरज-कोल्हापूर मार्गाचा शेवटचा तुकडा मोठ्या खटपटीने तयार केला होता. रुकडी होती, पूल होता, वळिवडे होते, उजळाईवाडीची धावपट्टीही होती. आकाश मात्र रिकामे होते.

“ताई, पुलावर गाडी आली की विमान उतरले पाहिजे,” मुलगा म्हणाला.

“मग तूच कर ते,” ताई म्हणाली. “मात्र या खेळाला उडणे ठाऊक नाही, एवढे लक्षात ठेव. त्याला रूळ ठाऊक आहे.”

हे बोलणे त्यास प्रथम कळले नाही. आगगाडीच्या खेळात जे जे चालते ते ते कशावरून तरी चालत असते. गाडी रुळावरून चालते, मोटारी ठरलेल्या रस्त्यावरून चालतात. हवेचा आधार घेऊन वर चढणे, पंखावरील वाऱ्याचा दाब, वेग मंदावल्यास खाली येणे यांचे कोणतेही गणित त्या खेळात नसते. म्हणून ज्यास अशा खेळात विमान उडवावयाचे असेल त्याने आकाशात एक रूळ टाकावा, तो दिसू नये अशी व्यवस्था करावी, आणि विमानास आगगाडीचे इंजिन समजून त्या रुळावर सोडून द्यावे. हौशी लोक हीच युक्ती फार दिवसांपासून करीत आले आहेत. बोटी, पक्षी, फुगे हेही असेच कोठल्या ना कोठल्या अदृश्य वाटेवरून जात असतात.

कोणते विमान करावे हे ठरविण्यास वेळ लागला नाही. कोल्हापूरच्या धावपट्टीवर उतरलेल्या विमानांत एटीआर ७२ या जातीचे पंख्याचे विमान त्याने स्वतः पाहिले होते. त्याची मापे त्याने मिळविली. लांबी २७.१७ मीटर, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत २७.०५ मीटर, उंची ७.६५ मीटर, पुढच्या पंख्यास सहा पाती आणि पंख्याचा व्यास सुमारे चार मीटर. म्हणजे हे विमान जितके लांब तितकेच रुंद, आणि आपल्या आगगाडीच्या डब्यापेक्षा थोडेच लांब. ही गोष्ट त्यास आकडे पाहिल्यावर कळली. डोळ्यांना ते विमान कितीतरी मोठे वाटले होते.

नमुना घडविण्यासाठी ताईने त्यास ‘ब्लेंडर’ नावाचे साधन दिले. या साधनाची कथा ऐकण्यासारखी आहे. ते हॉलंडमधील टोन रोझेंडाल यांनी सुरू केले. पुढे ज्या कंपनीच्या मालकीचे ते होते ती बंद पडली, आणि साधन कुलपात पडण्याची वेळ आली. तेव्हा पैसा गुंतविणाऱ्यांशी असा ठराव झाला, की एक लाख युरो मिळाल्यास ते सर्व जगासाठी खुले करावे. वापरणाऱ्यांनी आपापल्या खिशातून पैसे घातले आणि सात आठवड्यांत ती रक्कम जमली! ऑक्टोबर २००२ मध्ये ते सर्वांस मोकळे झाले. आज जगातील चित्रपट, खेळ व यंत्रांचे नमुने त्याच्या साहाय्याने तयार होतात, आणि उद्यमनगरातील सातवीच्या मुलासही त्यासाठी एक पैसा द्यावा लागत नाही.

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक वस्तू बारीक त्रिकोणांची बनलेली असते. विमानाचे गोल अंगही त्रिकोणांनीच झाकावे लागते. त्रिकोण थोडे घेतले तर गोल अंग षट्‌कोनी दिसू लागते. फार घेतले तर संगणकाचा जीव मेटाकुटीस येतो आणि खाली पुलावरची गाडी अडखळत चालते. म्हणून जाणते लोक एकाच वस्तूचे दोन-तीन नमुने करतात. जवळून पाहण्यासाठी बारकाव्याचा, दुरून पाहण्यासाठी साधा, आणि फारच दूर असता केवळ आकार भासेल इतका. खेळ अंतराप्रमाणे आपण होऊन त्यांची अदलाबदल करतो. याशिवाय त्रिकोणाची एकच बाजू दिसते, दुसऱ्या बाजूने तो पारदर्शक असतो. हे न कळल्यामुळे मुलाच्या विमानाचा उजवा पंख काही दिवस फक्त खालून दिसत असे.

आजोबा शेजारी खुर्ची घेऊन बसत. प्रथम त्यांना वाटले की हे नुसते चित्र आहे. मग मुलाने माउस फिरवून विमान उलटे केले, आडवे केले, पोटाकडून दाखविले, तेव्हा ते पुढे वाकून पाहू लागले.

“तू अर्धेच का केले आहेस रे?” त्यांनी विचारले.

“आजोबा, डावी बाजू केली, की उजवी आपोआप आरशासारखी होते.”

“असे होय! आम्हीसुद्धा पॅटर्न दोन भागांत करीत होतो. मधोमध कापायचा आणि खुंट्यांनी जुळवायचा. जुळणीच्या रेषेवर एक केस इकडचा तिकडे झाला, तर पुढे सगळे कास्टिंग वाकडे येते.”

मुलाने जुळणीची रेषा मोठी करून पाहिली. शेपटीजवळ खरोखरच बारीक फट होती.

पहिल्यांदा विमान खेळात घातले त्या दिवशी मोठी गंमत झाली. मुलाने सर्व मापे सेंटिमीटरमध्ये दिली होती. लांबी म्हणून २७१७ असा आकडा लिहिला होता. खेळ मात्र सर्व आकडे मीटरमध्ये वाचतो. साहजिकच ते विमान २७ मीटरऐवजी २७०० मीटरांहून लांब झाले! त्याचे नाक धावपट्टीवर आणि शेपूट कोठे तरी शेतापलीकडे गेले, व त्याच्या पोटाखाली सारा पडदा अंधारून गेला. ताई हसू लागली. आजोबा हसले नाहीत.

“मापाची पट्टी कोणती हे आधी विचारावे,” ते म्हणाले. “आमच्या कामात दोन पट्ट्या असत. एक साधी आणि एक पॅटर्नची. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते. मीटरला साधारण एक सेंटिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी मुद्दाम मोठ्या खुणांची पट्टी असते. नवखा कारागीर साध्या पट्टीने पॅटर्न करी आणि मग कास्टिंग लहान येई. पट्टी दिसायला दोन्हींची सारखीच!”

माप सुधारले. आता रंगाचे काम आले. लाकडास रंग देतात तसा येथे थेट रंग देता येत नाही. विमानाचे अंग जागोजाग उसवून, शिंप्याने सदरा उसवून टेबलावर पसरावा तसे, एका चौकोनी चित्रावर सपाट पसरावे लागते. मग त्या चित्रात खिडक्या, दारे, पट्टे रंगवावयाचे आणि ते चित्र पुन्हा अंगावर चढवावयाचे. उसवण कोठे करावी यातच सारे कौशल्य असते. ती पोटाखाली केली तर दिसत नाही. खिडक्यांच्या ओळीवर केली तर प्रत्येक खिडकी दुभंगते. कोणत्याही खऱ्या विमान कंपनीचे चिन्ह वापरावयाचे नाही असे ताईने बजावले होते, कारण ते चिन्ह त्या कंपनीचे असते. म्हणून मुलाने स्वतःच्या मनाने पांढऱ्या अंगावर केशरी पट्टा दिला आणि शेपटीवर पंचगंगेची आठवण म्हणून पाच निळ्या रेघा काढल्या.

यानंतर रूळ टाकण्याचे काम होते, आणि सगळ्यांत अधिक विचार तेथेच करावा लागला. उतरणारे विमान सामान्यतः तीन अंशांच्या कोनात खाली येते. ताईने वहीत गणित मांडले. तीन अंश म्हणजे १९ मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर खाली यावे. आगगाडीच्या भाषेत यास एकास एकोणीस असा चढ म्हणतात. कर्जत-लोणावळ्यामधील बोरघाट हा आपल्याकडील प्रसिद्ध चढाचा मार्ग. तेथे चढ एकास सदतीस आहे, आणि तो चढण्यास गाडीला मागून आणखी इंजिने लावावी लागतात. म्हणजे विमान ज्या सौम्य उताराने डौलात उतरते असे आपणांस वाटते, तो उतार बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट तीव्र असतो! धावपट्टीपासून सहा किलोमीटरांवर अदृश्य रूळ सुमारे ३१५ मीटर उंचीवर सुरू करावा लागला.

रूळ झाला, परंतु विमान काही केल्या विमानासारखे उतरेना. रुळावरील वाहन रुळाच्या दिशेने नाक करते. म्हणून ते उतारावर नाक खाली करून येई आणि प्रथम पुढचे चाक जमिनीस लावी. खरे विमान टेकण्याच्या क्षणी नाक किंचित वर उचलते आणि प्रथम मागची मोठी चाके टेकविते. मुलाने विमानाचे अंग चाकांच्या मानाने थोडे मागे कलवून पाहिले. तेव्हा उतरणे शोभिवंत दिसू लागले, पण धावपट्टीवर आल्यावरही विमान नाक वर करूनच धावत राहिले, जणू काही त्यास खालच्या जमिनीचा राग आला होता. वळणावरही तीच अडचण. आकाशात वळताना विमान आतल्या बाजूस कलते. सपाट रुळावरील गाडी ताठ उभी असते. तेथे मात्र आगगाडीचेच ज्ञान कामी आले. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवतात हे ताईस ठाऊक होते. तिने अदृश्य रुळाचा बाहेरचा भाग चांगलाच उचलला, आणि विमान झोकात कलले.

पंख्याचे दुखणे शेवटपर्यंत गेले नाही. खेळाला फिरणारी वस्तू म्हणजे चाक एवढेच समजत होते, म्हणून पंखा हा चाकाचाच एक प्रकार आहे असे त्यास सांगावे लागले. परिणाम असा झाला, की विमान थांबले की पंखाही त्याच क्षणी थांबे, आणि विमान हळू सरकू लागले की पंखाही हळूहळू, बैलगाडीच्या चाकासारखा फिरे.

इंजिनाच्या फाईलमध्ये वजन लिहावे लागते. आपल्या रेल्वेचे जुने डिझेल इंजिन सुमारे ११२ टनांचे; हे विमान पुरते भरले तरी सुमारे २३ टनांचे. शिवाय आगगाडीचे इंजिन चाकांच्या जोरावर पुढे जाते आणि विमान पंख्याच्या. खेळ मात्र जोर चाकांतूनच मोजतो. ही लबाडी मुलास आवडेना.

“पंख्याने चालणारी आगगाडी असती तर बरे झाले असते,” तो म्हणाला.

“होती की!” ताई म्हणाली.

आणि ती खरोखरच होती. जर्मनीमध्ये फ्रांट्स क्रुकेनबर्ग नावाच्या अभियंत्याने विमानाचे इंजिन बसविलेली आणि मागच्या टोकास पंखा असलेली एक गाडी तयार केली होती. लोक तिला रुळावरील झेपेलिन म्हणत. २१ जून १९३१ रोजी हँबुर्ग-बर्लिन मार्गावर तिने ताशी २३० किलोमीटरांचा वेग गाठला. त्या काळी रुळावरून इतक्या वेगाने कोणीच गेले नव्हते. परंतु स्थानकात माणसांच्या गर्दीजवळ उघडा पंखा फिरणार, आणि मागे पंखा असल्यामुळे तिला इतर डबे जोडता येणार नाहीत. त्यामुळे तिचा रोजच्या वाहतुकीत उपयोग झाला नाही व १९३९ साली ती मोडून टाकण्यात आली. मुलाने तिचे चित्र पाहिले आणि आपल्या विमानाकडे पाहिले. मग वजनाच्या रकान्यात त्याने २३ टन लिहून टाकले.

आता केवळ चाके राहिली होती. एटीआरच्या नाकाखाली दोन आणि अंगाच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन, अशी सहा चाके असतात. ती चाके, त्यांचे दांडे, सांधे हे सर्व करणे किचकट होते. मुलाने एक सोपा मार्ग शोधला. परदेशातील एका कारागिराने अशाच खेळासाठी केलेले दुसरे विमान त्याच्याजवळ होते. त्याची चाके इतकी सुरेख होती की टायरवरील खाचासुद्धा दिसत. मुलाने ती उचलून आपल्या विमानास लावली. दृश्य पुरे झाले. गाडी पुलावर आली, विमान कलले, टेकले, धावले. दुसऱ्या दिवशी ते सर्वांसाठी प्रसिद्ध करावे असे ठरले.

हौशी लोकांच्या या जगात एक रीत आहे. प्रत्येक वस्तूबरोबर एक साधी लिखित चिठ्ठी द्यावयाची. ही वस्तू कोणी केली, कशी बसवावी, हिच्यात दुसऱ्या कोणाचे काम आले आहे, आणि घेणाऱ्याने हिचे काय करावे व काय करू नये हे तीत असते. रात्री ताईने त्या परदेशी विमानाबरोबरची चिठ्ठी उघडली. तीत लिहिले होते, की स्वतःच्या घरी हवे ते बदल करावेत; परंतु यातील कोणताही भाग दुसऱ्या कामात घालून वाटावयाचा असल्यास आधी विचारावे.

“आपण नाव लिहू की त्यांचे,” मुलगा म्हणाला. “शिवाय फुकटच तर देणार आहोत. आपण कुठे विकतो आहोत?”

ताईने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी चष्मा काढून पुसला.

“कारखान्यात मागच्या बाजूला पॅटर्नची खोली असे,” ते म्हणाले. “फळ्यांवर शेकडो पॅटर्न. प्रत्येकावर रंगाने नाव लिहिलेले. ज्या गिऱ्हाइकाचा पॅटर्न, त्याचे नाव. लाकूड आम्ही कापलेले, घाम आमचा. पण पॅटर्न त्याचा. दुसरा कोणी आला आणि म्हणाला, ‘मला यातून एक नग ओतून द्या,’ तर मालक सांगत, ‘त्याची चिठ्ठी आण.’ एकदा एकाने नग फुकट मागितला. घरच्या पंपासाठी हवा होता, अडला होता बिचारा.”

“मग दिला?”

“नाही दिला. माणूस पाठवून चिठ्ठी आणविली आणि मग दिला. अर्धा दिवस गेला.”

मुलगा काही बोलला नाही. त्यास राग आला होता, कारण चाके फार सुंदर होती आणि विमान दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध होईल असे त्याने शाळेत सांगून ठेवले होते. तरी ताईच्या मदतीने त्याने त्या कारागिरास पत्र लिहिले. एक आठवडा गेला, दोन गेले. उत्तर आले नाही. शाळेतील मित्र रोज विचारू लागले. एकाने तर सल्ला दिला, की चाकांचा रंग बदल, मग कोणास ओळखू येणार आहेत? या सल्ल्याचा मोह त्यास पडला नाही असे म्हणता येणार नाही. एका संध्याकाळी त्याने चाकांचा काळा रंग बदलून करडा केलाही. त्याने ती बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली. टायरवरील खाचा तशाच होत्या.

तिसऱ्या आठवड्यात त्याने स्वतः चाके करावयास घेतली. कोल्हापूरने अशी माणसे पूर्वी पाहिली आहेत. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा येथेच स्वतः घडविला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा त्यांचा चित्रपट लोकांपुढे आला. मुलाचे काम त्या मानाने फारच लहान. आजोबांनी वहीत चाकाचा छेद काढून दिला. मुलाने तो छेद आसाभोवती फिरवून चाक केले. दांडे सरळसोट झाले, सांधे थोडे बोजड झाले, आणि खाचांऐवजी टायरवर नुसत्या काळ्या रेघा आल्या. जवळून पाहिले तर ही चाके त्या चाकांपुढे फिकी होती. पुलावरच्या गाडीतून पाहिले तर फरक दिसत नव्हता.

प्रसिद्ध करण्यापूर्वी ताईने एक कसोटी घेतली. तिने सगळ्या फायली आपल्या संगणकावर नेल्या आणि खेळ सुरू केला. विमान आले, पण संपूर्ण पांढरे! केशरी पट्टा नाही, निळ्या रेघा नाहीत. मुलाने रंगाचे चित्र आपल्या घरच्या वहीच्या, म्हणजे निराळ्याच फोल्डरमध्ये ठेवले होते, आणि विमान ते तेथेच शोधीत होते. आपल्या घरी सर्व ठीक दिसते ते कधी कधी केवळ आपलेच घर आहे म्हणून. चित्र योग्य जागी ठेवले, पुन्हा नेले, पुन्हा पाहिले. तेव्हा कोठे रंग दिसला.

मग चिठ्ठी लिहावयास मुलगा बसला. ती मराठीत आणि इंग्रजीत अशी दोनदा लिहिली. विमान कोणी केले, मार्ग कोणी केला, चाकाचा छेद कोणी काढून दिला हे लिहिले. वापरण्यास व रंग बदलण्यास सर्वांस मोकळीक आहे, मात्र बदललेले विमान वाटण्यापूर्वी कळवावे, असे लिहिले. शेवटी दोष लिहावयाचे की नाहीत यावर तो अडला. दोष सांगितले तर कोण घेणार, असे त्यास वाटले. ताई म्हणाली की घेणारास ते पहिल्या मिनिटालाच दिसतील. तेव्हा त्याने लिहिले, की विमान थांबल्यावर पंखा एकदम थांबतो. धावपट्टीवर नाक वर राहते. आणि चाके जवळून पाहू नयेत.

विमान प्रसिद्ध झाले. पहिल्या आठवड्यात ते थोड्याच लोकांनी घेतले. महिन्याभराने त्या परदेशी कारागिराचे उत्तर आले. तो प्रवासात होता, म्हणून विलंब झाल्याबद्दल त्याने क्षमा मागितली होती आणि चाके खुशाल वापरावीत असे कळविले होते. मुलाने पत्र दोनदा वाचले. सुंदर चाके आता त्यास लावता येणार होती. त्याने ती एकदा लावून पाहिली, मग काढून ठेवली, मग पुन्हा लावली. शेवटी विमानाच्या दुसऱ्या आवृत्तीत ती घालावी आणि त्या कारागिराचे नाव चिठ्ठीत सर्वांत वर लिहावे असे ठरले. आजोबांनी काढलेल्या छेदाची चाके पहिल्या आवृत्तीत तशीच राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आणखी एक पत्र आले. ते बेळगावच्या एका मुलाचे होते. सांबऱ्याच्या धावपट्टीसाठी त्यास हेच विमान हवे होते, मात्र शेपटीवरील निळ्या रेघांच्या जागी त्यास दुसरे काही काढावयाचे होते, आणि तसे केलेले विमान आपल्या मित्रांस द्यावयाचे होते. चालेल का, असे त्याने विचारले होते.

मुलाने ते पत्र आजोबांना मोठ्याने वाचून दाखविले.

“त्याने आधी विचारले ना?” आजोबा म्हणाले.

“हो.”

“मग चिठ्ठी दे त्याला. आणि ते पंख्याचे सांगून टाक.”

मुलाने त्याच संध्याकाळी उत्तर लिहिले. ताईने गाडी रुकडीवरून सोडली. आजोबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली, कारण विमान नेमके पूल संपण्याच्या आधी दिसावयास लागते आणि त्यांची ते पाहावयाचे राहून जाई.